इसाकभाईच्या गाडीचा बेल्ट

गाडी खोलून परत जोडली की एखादा बोल्ट उरतोच. तो मी पत्र्याच्या डब्यात टाकतो. पण बोल्टाबरोबर चार गोष्टी पण उरतात, त्यांना डबा कुठनं आणायचा? एक सांगायला जावं तर मागनं दुसरी ढकलत येते. म्हणून आज फक्त एकाच गाडीच्या सांगतो.

गाडी इसाकभाईची. जुनी डिझेल. इसाकभाई माझा शेजारी, उभा जन्म रेडिएटर दुरुस्त करण्यात गेला. तिसरा आमचा बसाप्पा, सीमेकडचा माणूस, कागलच्या एमआयडीसीत फिटर होता. मी शिरोलीला फौंड्रीत मशीन दुरुस्तीला. तिघंही आता घरात बसून. तिघांचं वय मिळून सव्वादोनशेच्या वर जातं.

इसाकभाईची शबाना निपाणीला दिली आहे. तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, प्रवास काय तो शुक्रवारपर्यंत, पुढं नाही. आणि सोमवारी सकाळी बघतो तर गाडीखाली पाण्याचं थारोळं. वॉटर पंप गळत होता. तो पंप टायमिंग बेल्टच्या आतल्या अंगाला, आणि बेल्टावर पण चिरा पडलेल्या. हा बेल्ट वाटेत तुटला तर गाडी नुसती थांबत नाही, आत इंजिनची हाडं मोडतात. गॅरेजवाला म्हणाला, पुढच्या आठवड्यात आणा.

जावई म्हणाला, मी आणून सोडतो. इसाकभाई ऐकंना.

"लगीन झालं तवा पोरीला म्हणलं हुतो, पहिल्या खेपंला न्यायला मी येणार. माझ्याच गाडीतनं."

मग काय, गाडी आमच्या अंगणात घेतली. फरशी सपाट आहे.

*

मंगळवारी खालच्या पुलीचा बोल्ट सोडायला घेतला. तो फार घट्ट असतो. सोडताना इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकायची आणि एकानं आत बसून ब्रेक दाबून धरायचा. इसाकभाईला आत बसवला.

बसाप्पानं पान्याला लांब पाईप लावला आणि जोर दिला. बोल्ट काही सुटंना, इंजिनच गोल फिरायला लागलं.

मी विचारलं, दाबलंय का? आतनं आवाज आला, दाबलंय की. परत जोर, परत इंजिन फिरलं. बसाप्पा घामानं निथळला. म्हणाला, हे इंजिन न्हवं, गिरण आहे. मी म्हटलं थांब, घाई नको. बोल्टावर तेल सोडलं, चहा घेतला, अर्धा तास जाऊ दिला. परत तेच.

शेवटी मी दार उघडून खाली वाकून बघितलं. इसाकभाईनं दोन्ही पाय जीव खाऊन रोवलेले. एक ब्रेकवर, एक क्लचवर. आता क्लच दाबला की गिअर असून नसल्यासारखा, इंजिन मोकळंच फिरणार.

"भाई, क्लच कशाला दाबलाय?"

तो माझ्याकडं असं बघायला लागला, जणू मलाच गाडी येत नाही.

"चाळीस वर्सं गाडी चालवतोय. ब्रेक दाबायचा तर क्लच दाबाय नगं?"

*

बुधवारी रस्त्यावरनं एक पावणं आले आणि फाटकाशी थांबले. वयस्कर, डोक्याला टोपी, गालाला रुमाल धरलेला. बसाप्पा इंजिनखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा सरकवत होता. पावणं म्हणाले, ठोकळा आडवा घाला. बसाप्पानं आडवा घातला. बरोबर बसला. मग पावणं आत आले. बॅटरीचा उजेड धरला. वरचं कव्हर निघताना हात लावला. चहा पण झाला. तासभर तरी असतील.

हात पुसताना मी विचारलं, पावणं, कुठं निघालासा?

"राजारामपुरीत दाताच्या दवाखान्यात. दाढ उपटायला."

मग गालावरनं हात फिरवला, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"दुखायची थांबली की वं."

आणि आल्या वाटेनं गावाकडं परत गेले.

*

जुना पंप काढला की त्याच्या जागी गॅस्केट चिकटून राहतं. ते सगळं खरवडून जागा काचेसारखी करावी लागते, नाहीतर नवा पंप पण गळतो. हे काम इसाकभाईचं. रेडिएटरवाला माणूस, गळती म्हणजे त्याचा वैरी. खरवडायचा, अंगठा फिरवायचा, परत खरवडायचा. बसाप्पा नुसता पंप हातात धरून उभा. त्याचे गुडघे दुखतात, आणि मालक उभा असताना बसायचं नाही ही कारखान्याची सवय काही सुटलेली नाही.

अजान झाली की इसाकभाई हत्यार ठेवून हात धुवून मशिदीत जायचा. तेवढ्यात बसाप्पाला टेकायला मिळायचं. त्या दिवशी दुपारपासून बसाप्पाचं लक्ष सारखं घड्याळाकडं. चार वाजल्यापासून तिसऱ्यांदा त्यानं अजानला किती वेळ आहे विचारलं तेव्हा इसाकभाई खरवडता खरवडता म्हणाला,

"बसाप्पा, आमच्या मौलानास्नी सांगतो. बांग द्यायला तुलाच ठेवू."

*

गुरुवार. पंप बसवायचा, बेल्ट घालायचा, की झालं.

या कामात खरं भय एकच. इंजिनला वर एक चाक, खाली एक चाक, बेल्ट दोघांना धरून फिरतो. एक दात जरी पुढंमागं झाला तरी आतलं सगळं एकमेकांवर आपटतं. कंपनीनं चाकांवर बारकी खाच दिलेली असते, पण ती आम्हा तिघांच्या चष्म्यांना मिळून दिसली नाही. म्हणून जुना बेल्ट काढायच्या आधी मी खडू ओला करून चार टिकल्या दिल्या होत्या. वरच्या चाकावर एक आणि तिच्यासमोर इंजिनच्या अंगावर एक. खालीही तशाच दोन. नवा बेल्ट घालताना टिकल्या समोरासमोर असल्या की चिंता नाही.

आम्ही आत जेवायला गेलो. भाकरी संपवून बाहेर येतो तर इंजिन लख्ख पुसलेलं. पुढं उदबत्ती. पंपाला हळदीकुंकू, बेल्टाला हळदीकुंकू, जॅकला, पान्यांना, बसाप्पाच्या पाईपला सुद्धा. आणि माझ्या खडूच्या टिकल्या कुठंच नाहीत.

काम आमच्या हौसाचं. म्हणजे माझी बायको. तिचा तरी काय दोष? फौंड्रीत नवा पार्ट हळदीकुंकवाशिवाय कधी बसवला नाही, हे घरी येऊन मीच सांगायचो.

बसाप्पा खालीच बसला. इसाकभाईच्या हातात फोन होता, त्यावर शबानाचा मेसेज, अब्बा उद्या किती वाजता. तो फोन त्यानं खिशात घातला.

मी हौसाला हाक मारली. हळूच विचारलं, की खडूच्या टिकल्या होत्या, त्या पुसल्यास काय?

"पुसतीया कशाला? तुमी दोन दिस त्याच्यापुढं मान घालून बसलाईसा, मला दिसत न्हाय व्हय? त्येंच्यावरच कुकू लावलंय."

"अगं, पण कुकू सगळीकडंच हाय."

"आवं, नीट बघा की. हळद-कुकू हाय ती माजी पूजा. नुसतं कुकू हाय ती तुमची टिकली."

बघितलं. खरंच, चारच ठिकाणी नुसतं कुंकू होतं. वर दोन, खाली दोन.

बसाप्पानं बसल्या जागेवरनं विचारलं, वैनी, चाक हललं न्हाय न्हवं?

"वरलं जरा हललं फडक्यानं. मग फिरवून परत कुकवासमोर कुकू आणून ठेवलं. समोरासमोर हुती ती तशीच पायजेत न्हवं?"

पस्तीस वर्षं मशिनीत घालवली, पण इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.

बेल्ट चढवला. बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर लावला. मग पाना घेऊन इंजिन हातानं फिरवलं, अगदी सावकाश, पूर्ण दोन फेरे. कुठं अडलं नाही. चारही कुंकवं परत समोरासमोर आली. इसाकभाई म्हणाला, अजून एकदा. मी परत दोन फेरे दिले. तो म्हणाला, अजून एकदा. असं सहा वेळा झालं. मला काय, घाई कुठं होती?

चावी मारली. पहिल्याच झटक्यात सुरू.

*

शुक्रवारी इसाकभाई निपाणीला गेला आणि शबानाला घेऊन आला. वाट तासाभराची, आले तीन तासांनी. आम्ही फाटकात उभे. शबाना सावकाश उतरली, हौसाच्या गळ्यात पडली आणि म्हणाली,

"काकी, उसाचा एकच ट्रॅक्टर आमच्या पुढं दोनदा गेला. मधी थांबून त्यानं जेवण पण केलं."

*

आठ दिवसांनी नातू झाला. चाळीस दिवस झाले, आता बाळाला घेऊन निपाणीला सोडायचं. जायच्या आधी इसाकभाई म्हणाला, तात्या, एकदा गॅरेजवाल्याकडनं बेल्टाचा ताण बघून घेऊ. मीही बरोबर गेलो.

गॅरेजवाल्यानं वरचं कव्हर काढलं, ताण बघितला, मान हलवली. काम नीट आहे म्हणाला. मग वाकून चाकाकडं बघितलं, एकदा इसाकभाईच्या दाढीकडं बघितलं, आणि चाक पुसायला फडकं उचललं.

इसाकभाईनं त्याचं मनगट धरलं.

"कुकू पुसू नगं. टायमिंग हाय ते."