कूलर बंद असलेले एकेचाळीस सेकंद

असले अनुभव मी कधी वाचत नसे. रायपूरच्या एका हिंदी दैनिकात बावीस वर्षं डेस्कवर बातम्या तपासत काढली. झपाटलेल्या घरांची, मेलेली माणसं दिसल्याची पत्रं यायची. ती मी दोन ओळींच्या पुढे वाचली नाहीत. आजही माझा विश्वास बसला आहे असं म्हणणार नाही. पण एक रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे आणि त्याचा उलगडा होत नाही... म्हणून घडलं ते क्रमाने लिहितो.

माझी ताई आणि भाची ऋतुजा तेलीबांध्याला, तलावामागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. भाऊजी रेल्वेत होते. ते गेल्यावर घरात दोघीच. ऋतुजा कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला होती. कोडिंगमध्ये जावं, टेस्टिंगमध्ये की डेटाच्या कामात, हे तिचं ठरत नव्हतं. ताईचं ठरलेलं होतं.

"काय फरक हाय त्यात? तिन्हीत खुर्चीवरच बसाचं हाय ना."

दर रविवारी सकाळी दहाला मी ऋतुजाचा मॉक, म्हणजे सरावाचा, इंटरव्ह्यू घ्यायचो. तिचं तांत्रिक मला कळत नाही, पण प्रश्न विचारणं हे माझं कामच होतं. फोन टेबलावर ठेवून सगळं रेकॉर्ड करायचो, घरी जाऊन शब्द न् शब्द कागदावर उतरवायचो — कुठे अडखळली, कुठे वाढवून बोलली — आणि तपासलेली प्रत तिला द्यायचो. डेस्कवरची सवय. आणखी एक सवय होती : ज्याची खात्री नाही ते काढून टाकायचं.

मे महिना होता. हॉलमधला कूलर सुरू होता. त्या घरात मेमध्ये तो दिवसा बंद होत नसे. घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. अठराव्या मिनिटाला कूलरचा आवाज एकदम थांबला. प्रश्न ऐकू आला नाही. फक्त ऋतुजाचा आवाज, इंग्रजीत, अगदी संथ. मराठीत सांगायचं तर ती म्हणत होती :

"पहिले पाच महिने मी नोकरी शोधत होते. आईची कंबर दुखायची, आम्ही लक्ष दिलं नाही. निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. नंतरचे चौदा महिने मी तिच्याजवळ होते. आई आता नाही. त्यानंतर मी पुन्हा अभ्यासाला लागले."

एकेचाळीस सेकंद. मग कूलर पुन्हा सुरू आणि माझा आवाज, प्रोजेक्टबद्दल विचारणारा. मध्ये मी काहीही विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तिला ऐकवलं. तिने दोनदा ऐकलं.

"आवाज तो मेरी ही है, मामा. पर मैंने ये बोला ही नहीं. अभी डिग्री हाथ में नहीं आई, गैप कहाँ से आएगा?"

"डिग्रीनंतरच्या रिकाम्या वर्षांबद्दलचं नेटवरचं उत्तर पाठ केलं असशील. असं खोटं समोरचे लगेच पकडतात."

ताई चहा घेऊन आली. काय चाललंय म्हणाली, म्हणून मी वाचून दाखवलं. ती हसली.

"वा गं पोट्टी. नोकरीसाठी मायलेच मारून टाकलं. मार, पण मंग पगार चांगला घेजो."

"मम्मी, ऐसा मत बोल ना."

खाली बसताना ताईने भिंतीचा आधार घेतला. मी विचारलं, काय झालं.

"काही नाही रे. कंबर धरून राहिली. तेल लावून राहिली रोज."

मी चहा प्यायलो आणि दुसरा प्रश्न घेतला.

ऑक्टोबरमध्ये ताईच्या मणक्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, चार-पाच महिने आधी यायला हवं होतं. ऋतुजाने दोन ठिकाणचे इंटरव्ह्यू सोडले. पुढच्या डिसेंबरात ताई गेली. ऑक्टोबर ते डिसेंबर, चौदा महिने.

त्यानंतरच्या मेमध्ये ऋतुजाला टेस्टिंगच्या जागेसाठी बोलावणं आलं. इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर, त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलावर. मी आतल्या खोलीत बसलो होतो. तिच्या कानात इअरफोन असल्यामुळे समोरच्यांचे प्रश्न मला ऐकू येत नव्हते. मध्येच तिने मला हाक मारली.

"मामा, कूलर बंद कर दो ना. उनको आवाज जा रही है."

मी बाहेर येऊन बटण बंद केलं. हॉल शांत झाला. ऋतुजा बोलायला लागली. पहिले पाच महिने मी नोकरी शोधत होते...

शब्द तेच होते. थांबण्याच्या जागाही त्याच. मी बटणावर हात ठेवून उभा राहिलो. तिचं बोलून झाल्यावर तिने मानेने खूण केली आणि मी कूलर सुरू केला.

नोकरी तिला लागली. ते रेकॉर्डिंग एका ओळखीच्या साउंडवाल्याला दाखवलं. फाइलला कुठेही जोड नाही, म्हणाला.

पहिल्या मेमध्ये रेकॉर्डिंग ऐकून उतरवलेला कच्चा कागद मात्र माझ्याकडे आहे. त्या उत्तरावर माझी लाल रेघ आहे आणि समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे : खात्री नाही, काढा.

तेव्हा पाच महिने हातात होते.