सहा वाजताचा रिपोर्ट

आमची पोस्ट उत्तर सीमेवर होती. ०५४० वाजता गस्तीवर सुरुंग फुटला. लान्स नाईक तानाजी, राहणार औंध, जागीच गेला. नाईक बिराप्पा, जतकडचा मेंढपाळाचा मुलगा, याचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मी सुभेदार, गस्तीचा कमांडर. मला फक्त छर्रे लागले.

वर्षभराने बिराप्पा कृत्रिम पाय लावून, सेवामुक्त होऊन गावी आला. गावाने सत्कार ठेवला. फेटा, शाल, उघडी जीप, आणि सुरुंगात पाय गमावलेल्या जवानाच्या स्वागताला फटाक्यांची लांबलचक माळ. प्रमुख पाहुणा मी होतो. मला आधी सुचायला हवं होतं. माळ पेटताच बिराप्पाने सरपंचांना खाली पाडलं आणि स्वतः त्यांच्यावर आडवा झाला. ड्रिल बिनचूक होतं. लोक हसले.

त्या दिवसापासून त्याने पाय लावणं सोडलं. घराबाहेर पडेना. मीही निवृत्त होऊन पाटणला होतो. रोज सकाळी सहाला फोन करायचो.

"रिपोर्ट?"

"ऑल ओके, साहेब."

मी खोदून विचारत नसे. निवृत्तीआधी लष्करी डॉक्टरांच्या फॉर्मवर मीही तेच लिहून सुटलो होतो.

एकदा फोन त्याच्या बायकोने उचलला. "आवं साहेब, कसलं ओके? तीन दिस जेवलं न्हाईत. तानाजीसंगं मी बी जायला पायजे हुतं, म्हणत्यात."

"त्याला दे." मग रिपोर्ट मी दिला. "ऐक. मला झोप नाही. रस्त्यात उकरलेली माती दिसली की गाडी थांबवतो. त्या दिवशीची वाट मी निवडली होती. ऑल ओके नाही. ओव्हर."

"माझं बी तसंच हाय, साहेब."

"पाय लावून ठेव. दुपारी पोचतो. डॉक्टरकडे जायचंय."

"लोक येडा म्हणतील."

"एकटा गेलास तर. दोघं गेलो तर तुकडी म्हणतील."

सांगलीच्या डॉक्टर बाईंकडे वर्षभर गेलो. औषधं, बोलणं, पुन्हा बोलणं. याला पदक नसतं. आता बिराप्पा मेंढरांमागे दिवसभर चालतो. मी गाडी थांबवत नाही, जरा हळू करतो.

तानाजीच्या आईला भेटलात का, असं बाईंनी विचारलं. भेटलो नव्हतो. मग दोघं औंधला गेलो.

आईने चहा टाकला. "जाताना काय म्हणत हुता रं?"

सरकारी पत्रात 'वीरमरण' एवढंच होतं. बिराप्पा बोलला, "चा पाणचट केलास म्हणून मला शिव्या देत हुता, आये. निघंस्तवर."

ती तोंडाला पदर लावून हसली. लय वेळ. "तसाच हुता माझा तान्या."

लान्स नाईक तानाजी. वय सव्वीस. चहा कडक लागायचा.