उलटा फिरणारा वायू

डॉ. दिनकरराव उंबरकर सरांची आणि माझी पहिली भेट अमरावतीला, विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत झाली. मी अकोल्याच्या वकिलाची मुलगी, खगोलशास्त्रातल्या पीएच.डी.साठी विषय मागायला गेले होते. मूळचे हिवरखेडच्या शेतकरी घरातले सर ओला हरभरा सोलत बसले होते. एका दीर्घिकेचं चित्र पुढे सरकवून म्हणाले, "हिच्या मधात तारे कसे फिरतात अन् वायू कसा फिरतो, तेवढं पाह्य." विषय मिळाला. हरभरा मिळाला नाही.

ताऱ्यांच्या वर्णपटात काळ्या रेषा दिसतात, तापलेल्या वायूच्या उजळ. त्या किती सरकल्या यावरून कोण आपल्याकडे येतो, कोण दूर जातो, ते कळतं. माझ्या नकाशांत केंद्राच्या ज्या बाजूचे तारे जवळ येत होते, त्याच बाजूचा वायू दूर जात होता. सर म्हणाले, "वायूचा नकाशा उलटा लावला तू. आकाशाच्या नकाशात पूर्व डावीकडे असते, ध्यानात नाही काय?" ही चूक आमच्यातले बहुतेक नवखे करतात. मी निमूटपणे नकाशा फिरवला. तारे आणि वायू गुण्यागोविंदाने एकाच दिशेने फिरू लागले. त्यावर प्रबंधही लिहून झाला.

अकोल्याच्या एका महाविद्यालयात माझी नेमणूक झाली होती, पण त्याच सत्रात प्रबंध सादर करण्याच्या अटीवर. अंतिम चर्चासत्रात मी बोलायला उभी राहणार, तोच सर उठले. त्यांनी सकाळी मूळ वर्णपट पुन्हा पाहिले होते. काळ्या आणि उजळ रेषा एकाच वर्णपटात होत्या. उलटायच्या तर दोन्ही उलटल्या असत्या. "वायू खरंच उलटा फिरून राहिला," सर भरल्या सभागृहात म्हणाले. "बाहेरून आला असन. पोरीचं बरोबर होतं. चूक माही." प्रबंध थांबला. मला सरांचा भयंकर राग आला होता.

दुसऱ्या दिवशी सर एसटीने अकोल्याला गेले. महाविद्यालयात त्यांना कोणी ओळखत नव्हतं. बराच वेळ बाहेर बाकावर बसवून ठेवलं. "उशीर माह्यामुळे झाला, तिची जागा राहू द्या," एवढंच ते बोलले, असं प्राचार्यांनी मला नंतर सांगितलं. मी आजही तिथेच शिकवते.

सरांनी तो चुकीचा नकाशा आपल्या खोलीत टांगला, खाली सही करून. निवृत्तीनंतर तो घरी नेला. पंचाहत्तरीनिमित्त आम्ही विद्यार्थ्यांनी बरोबर नकाशा चौकटीत बसवून दिला, तर म्हणाले, "हा तुमच्याजवळ ठेवा. भिंतीवर माहाच राहू द्या."

सरांना उदंड आयुष्य आणि शाबूत दृष्टी लाभो. तो नकाशा भिंतीवरून उतरवण्याची पाळी आमच्यावर फार फार उशिरा येवो.