बांगड्याचे लाल कल्ले

गॅलरीच्या कठड्याला बांधलेली नायलॉनची दोरी काल सोडायला घेतली आणि लॉकडाऊनमधली ती सकाळ आठवली. त्याआधी बाबा रोज वडाळे तळ्याला फेरी मारून पनवेलच्या मासळीबाजारात जायचे. कल्ले उघडून पाहिल्याशिवाय मासा घ्यायचे नाहीत. लॉकडाऊनमध्ये मी त्यांना उंबरा ओलांडू देत नव्हते, म्हणून उरणची कोळीणमावशी इमारतीखाली यायची आणि मी तिसऱ्या मजल्यावरून दोरीने पिशवी सोडायचे. त्या दिवशी तिने बांगड्याचे कल्ले फाकवून वर धरले. "बगा बाबा, लालभडक हायत!" एवढ्या लांबून काय दिसणार, पण बाबा खुशीत ओरडले, "दे, ताजा आहे!" मग ती मला म्हणाली, "पोरी, त्यांना जरा खाली आन. पाय आकडतील." "आणि आजार झाला तर? तू येणारेस निस्तरायला?" मी खेकसले. ती पिशवी भरत राहिली. आजार आमच्या घरात आलाच नाही. पण लॉकडाऊन उठला तेव्हा बाबांना जिना उतरता येईना, आणि शेवटपर्यंत ते खाली उतरले नाहीत. मावशी अजून येते. आता मीच खाली जाऊन मासळी घेते, तरी ती कल्ले उघडून आधी वर, रिकाम्या गॅलरीकडे धरते.