मांडवकरबुवांचा जवाब

गाण्याआधी चहा नको, कोमट पाणी. चपला दाराबाहेर. गाताना डोळे मिटायचे नाहीत. मस्कतच्या अझैबा भागात एसी दुरुस्त करणाऱ्या मांडवकरबुवांच्या या सवयी त्यांच्या शिष्याला, सागरला पाठ होत्या.

बुवा संगमेश्वरकडचे, शक्ती-तुऱ्याचे शाहीर. एकाने गाण्यात सवाल घालायचा, दुसऱ्याने गाण्यातच जवाब द्यायचा. २०१४च्या गणपतीत मस्कतच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "बुवा, यंदा रेकॉर्डेड ट्रॅकवर गा. मुलांना आवडतं."

"ट्रॅकला माझा सवाल ऐकू येतो काय?"

"पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे."

"मग पाच मिनिटं तुम्हीच नाचा. यल्ला, चला, निघतो मी."

बुवा मृदंग घेऊन बाहेर पडले आणि पार्किंगमध्ये दोन तास गायले. मंडळाने पुन्हा बोलावलं नाही. बुवा दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मस्कतजवळच्या माबेलात कामगारांच्या खोल्यांवर गात राहिले. समोर जवाबाला कोणी नव्हतं, म्हणून साहित्य शिकलेल्या सागरला त्यांनी तयार केलं.

तिसऱ्या वर्षी सागरने सवाल घातला, "परमुलखातल्या माणसाची राखण कुठला देव करतो?" बुवा पहिल्यांदाच अडले. "पुढच्या शुक्रवारी देतो," म्हणाले.

बुधवारी कामावरच त्यांचं हृदय बंद पडलं.

सागरला बुवांच्या वहीत जवाब सापडला: "गाव सोडला, गळा नाही सोडला, त्याची राखण..."

पुढे पान कोरं होतं.