रत्नम्माची एकोणीस पत्रं

लातूरच्या एमआयडीसीतल्या त्या डाळमिलमध्ये रत्नम्माचं टेबल कुठलं, हे कुणाला विचारावं लागत नाही. ज्या कंप्युटरच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढलेली, ते तिचं. बाई निलंग्याकडची, वय पंचावन्न. मिलचा सगळा ईमेल सतरा वर्षं तिच्याच हाताखालून जातो. कंप्युटर शिकलेली पोरं आली नि गेली, ही आपली खुर्ची धरून आहे.

तिची एक खोड आहे. रोज अकराच्या चहाआधी ती जंक फोल्डर उघडते आणि त्यातला एकेक मेल बघते. टक्कल घालवणारं तेल, दोन मिनिटांत कर्ज, तुमचं खातं आज बंद होणार असल्या धमक्या, काही सोडत नाही. ऑफिसातली पोरं हसतात. हसोत बापडी. थोरले मालक गुरुपादप्पा हयात असताना कोइमतूरच्या एका व्यापाऱ्याचं पत्र असंच जंकमध्ये जाऊन पडलं होतं. रत्नम्माने ते हुडकलं म्हणून ते गिऱ्हाईक आजतागायत टिकून आहे. तेव्हा गुरुपादप्पा म्हणाले होते, "आपल्या बायका खडे टाकायच्या आधी परत एकदा सूप पाखडतात का न्हाई? तसंच हे बी." त्या मिलची रीतच ती. निवडून बाजूला काढलेला माल पुन्हा पाखडल्याशिवाय फेकायचा नाही.

गुरुपादप्पांच्या मुलाला, रुद्रेशला, हे सगळं तिनेच शेजारी बसवून शिकवलं. "एकाच पत्त्यावरनं सारखा कचरा यायला लागला, की त्या पत्त्याला रूल लावायचा. मग ते आपोआप जंकमध्ये जातंय. पण जंक रोज बघायचं, बाळा." पोरगं हुशार होतं. त्याने अर्धंच शिकून घेतलं.

वडील गेले, रुद्रेश मालक झाला आणि बहुतेक पुण्यातच राहू लागला. गेल्या वर्षी त्याने डाळीचा रंग ओळखून खडे वेगळे काढणारं मशीन आणायचं ठरवलं. मग हाताने निवडणाऱ्या आठ बायकांचं काय? त्यांची म्होरकी कस्तुराबाई, सूप धरून धरून बोटं वाकडी झालेली. ती रत्नम्माकडे आली. रत्नम्माने लगेच रुद्रेशला फोन लावला.

तो म्हणाला, "अक्का, फोनवर नको. मेल करा. लेखी असलं म्हणजे मी नीट वाचतो."

तिने लिहिलं. मिलच्या पत्त्यावरून विनवणी करणं तिला बरं वाटेना, म्हणून स्वतःच्या पत्त्यावरून लिहिलं. पॅकिंगमध्ये माणसं लागणारच आहेत, तर आठही जणींना तिकडे घ्या. कोण कधीपासून आहे, कुणाचा हात कसा चालतो, सगळं नावानिशी. उत्तर आलं नाही. फोन केला की, "बघायलोय, अक्का." मग ती पुन्हा लिहायची. अकरा महिन्यांत एकोणीस पत्रं झाली. दर वेळी जेवणाच्या सुट्टीत कस्तुराबाई दारात येऊन विचारायची, आणि रत्नम्मा छातीठोकपणे सांगायची, "मालक वाचायलेत. गुरुपादप्पाचं रक्त हाय, तुमाला सोडणार न्हाई." त्या भरवशावर बायकांनी शेजारच्या मिलचं बोलावणं नाकारलं.

मशीनच्या पूजेला रुद्रेश आला. पूजा सांगणारे स्वामी यायला अजून वेळ होता. त्याने लॅपटॉप रत्नम्मापुढे सरकवला. "अक्का, जाहिरातींनी जीव खाल्लाय. तुमच्याएवढं हे कुणाला जमतंय? जरा रूल लावून द्या." एवढं बोलून तो मांडव बघायला बाहेर गेला.

रत्नम्माला काय बरं वाटलं! चष्मा पुसून तिने रूलची यादी उघडली. यादीत एकच रूल होता, आणि त्यात तिचाच पत्ता होता. या पत्त्यावरून येईल ते थेट जंकमध्ये.

आधी तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिने जंक उघडलं. तेल आणि कर्जाच्या गर्दीत तिची एकोणीस पत्रं पडली होती. सगळी ठळक अक्षरात, न उघडलेली. अगदी पहिलंसुद्धा. म्हणजे "मेल करा" म्हणून फोन ठेवला आणि लगेच रूल लावला! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. वाचून नाही म्हणाला असता तर ती भांडली असती, रडली असती, आणि पोटात घातलं असतं. याने तर तिला या म्हणून बोलावलं आणि आतून कडी घातली.

रुद्रेश परत आला. तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "हे काय, रुद्रेश?" मालक म्हणायचं ती विसरली.

त्याचा चेहरा उतरला. तो रूल तो विसरूनच गेला होता. "तुम्हाला तोंडावर नाही म्हणवलं नसतं, अक्का. वाचलं असतं तर म्हणावं लागलं असतं. पॅकिंगची माणसं गेल्या महिन्यातच घेतलीत."

"मला कचऱ्यात टाकलंस ते टाकलंस," ती म्हणाली. "एकदा पाखडून तरी बघायचं होतंस."

ती उठून बाहेर आली. आठ जणी ठेवणीतली लुगडी नेसून भिंतीच्या सावलीत बसल्या होत्या. कस्तुराबाई हसत पुढे आली.

"काय म्हणले मालक?"

"वाचलंच न्हाई, कस्तुरा. एक बी न्हाई."

"मंग इतके दिस आमाला कुणाच्या तोंडचं सांगत होता, अक्का?"

आत नारळ फुटला. प्रसाद न घेताच आठही जणी फाटकाबाहेर पडल्या. तोवर शेजारच्या मिलमधली जागाही भरली होती.

रत्नम्मा अजून तिथेच आहे. अकराच्या चहाआधी अजूनही जंक उघडते. संध्याकाळी ऑटोच्या थांब्यावर कधी कस्तुराबाई दिसते. रत्नम्मा हाक मारते, एकदा, दोनदा. कस्तुराबाई ऐकते आणि मागे न बघता पुढच्या ऑटोत बसते.