चंद्रावरचा वारा आणि एक सूत

मी चौथी शिकलो. पाचवीत मास्तरांचं आणि माझं पटेना, म्हणून मी शाळा सोडली. मास्तर तिथेच राहिले. पुढे सातपूरला चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलो आणि त्या चाळीस वर्षांत माझ्या हातचा एकही तुकडा माघारी आला नाही. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी मी त्याला हे सांगतो.

माझ्या गिऱ्हाइकांत एक सरकार होते. जहागीर त्यांच्या आजोबांच्या काळात गेली, 'सरकार' हा शब्द तेवढा घरात राहिला. गंगापूर रोडला बंगला, दिंडोरीकडे द्राक्षबाग. करायलाच हवं असं काही नव्हतं, म्हणून ते सगळंच करायचे. पावसाचं पाणी नळीत धरून वहीत मांडायचे, किड्यांचे पाय भिंगाखाली मोजायचे आणि मोजून झाले की रंगवायचे. एका साली बागेवर भुरी आली. शेजारचे लोक फवारणीला धावले. सरकारांनी आपले गडी थांबवले आणि चार दिवस वेलीखाली बसून भुरीची चित्रं काढली. पानावर पीठ सांडलंय आणि बोट लावलं तर बोटाला येईल, अशी. त्या साली माल गेला. चित्रं अजून ताजी आहेत.

मग त्यांनी दुर्बीण मनावर घेतली. आठ इंच व्यासाची जाड काच आणली, पिंपावर ठेवली आणि पिंपाभोवती फिरत दोन वर्षं स्वतःच्या हाताने घासून तिचा आरसा केला. खोटं बोलणार नाही, असा धीराचा हात मी लेथवाल्यांतही कमी पाहिला. आरसा नळीच्या बुडाशी बसवायला पितळेचं कडं लागणार होतं. त्याचा कागद माझ्याकडे आला. कागद कसला, चित्रच. कड्याची सावलीसुद्धा काढलेली. कडेला वळणदार अक्षरात लिहिलं होतं: आरशाभोवती एक सूत मोकळं ठेवणे.

आमच्या धंद्यात इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. मला ते जरा ढिलं वाटलं. पण सरकारांनी लिहिलंय म्हणजे त्यात शास्त्र असणार, आणि विचारायला जावं तर मिस्त्रीला कळत नाही असं दिसणार. मी बरोब्बर एक सूत ठेवलं.

महिन्याभराने सरकारांनी मला बंगल्यावर बोलावलं. चंद्रावर वारा असल्याचा त्यांना शोध लागला होता. बारा चित्रं भिंतीला टेकवून ठेवली होती. प्रत्येकात चंद्रावरच्या डोंगरांची उजळ टोकं आणि प्रत्येक टोकाला बारीक शेपूट, दिव्याची ज्योत वाऱ्याने कलावी तसं. काही चित्रांत शेपटं डावीकडे, काहींत उजवीकडे. म्हणजे वारा दिशाही बदलत होता. पुढच्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात ते यावर बोलणार होते. कॉलेजचे प्राध्यापक येणार होते.

त्यांनी मला गच्चीवर नेलं. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं, तरी अर्धा चंद्र वर आलेला. सरकारांनी नळी फिरवली आणि आत कुठेतरी 'टक्' झालं. मी डोळा लावला. शेपटं होती. त्यांनी नळी दुसऱ्या अंगाला कलवली. परत 'टक्'. शेपटं फिरली.

चाळीस वर्षं आवाजावर काम केलेला माणूस मी. आरसा कड्यात सरकत होता, आणि तो सरकेल तशी शेपटं फिरत होती.

मी मान डोलावली, छान आहे म्हणालो आणि घरी आलो. चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. बोललो नाही तर रविवारी भर सभेत सरकारांचं हसं होणार. बोललो तर माझा तुकडा चुकला हे माझ्याच तोंडाने सांगायचं. हसं त्यांचं होणार होतं, तुकडा माझा होता. खरं सांगायचं तर पहिले तीन दिवस मला तुकडाच जड वाटला.

शनिवारी सकाळी गेलो. दुर्बीण रामशेज किल्ल्याच्या दिशेला, लांबच्या एका मोबाइल टॉवरवर लावली. टॉवरवरचा पत्रा उन्हात चमकत होता.

"बघा सरकार," मी म्हणालो. "चंद्रावरचा वारा त्या टॉवरलाही लागलाय."

सरकारांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळा न काढताच म्हणाले, "मिस्त्री, कडं तुम्ही केलंत."

"कागद तुम्ही काढलात."

कागद निघाला. मी पट्टीवर एक सूत दाखवलं. ते आत गेले, बाईसाहेबांच्या शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा घेऊन आले आणि माझ्या नाकासमोर धरला. "सूत म्हणजे हे. याच्या जाडीइतकं."

मी पट्टी खाली घेईना, ते दोरा खाली घेईनात. दोरा न्यायला आलेल्या बाईसाहेब आमच्याकडे बघत राहिल्या.

"एकाला शाळा कमी पडली," त्या म्हणाल्या, "आणि एकाला जास्त झाली."

रविवारी मी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलो, उठून जाता यावं म्हणून. सरकार उभे राहिले आणि म्हणाले, चंद्रावर वारा नाही, माझ्या दुर्बिणीत आहे. मग बाराही चित्रं दाखवली, सुताची गोष्ट सांगितली. माणसं पोट धरून हसली, सरकार सगळ्यांच्या आधी हसले. मात्र पट्टीवालं सूत कोणाचं आणि दोऱ्यावालं कोणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

नव्या कड्याचा कागद आला तेव्हा त्यावर मोकळ्या जागेचं माप लिहिलेलं नव्हतं. तिथे बोटभर दोरा लाखेने चिकटवला होता आणि शेजारी लिहिलं होतं: एवढं. जुनं कडं परत द्या, वितळवून टाकतो, असं मी म्हणालो. सरकारांनी दिलं नाही. त्यांनी त्याला मागे पत्रा लावला, पुढे काच बसवली आणि त्यात तेरावं चित्र घातलं, मुद्दाम काढलेलं, सगळ्यांत मोठ्या शेपटांचं.

ते चित्र हल्ली दिंडोरीला त्यांच्या पुतण्याच्या वायनरीत लावलंय. मागच्या महिन्यात सरकारच मला गाडीत घालून तिकडे घेऊन गेले. त्यांना मोतीबिंदू झालाय; म्हणाले, आता दुर्बिणीशिवायच सगळ्या दिव्यांना शेपटं दिसतात, ऑपरेशनच्या आधी त्यांची चित्रं काढून घेतो. तिथला एक पोरगा पाहुण्यांना सांगत होता की हे पितळी काम फार जुनं, राजेशाही आहे. मी त्याला दुरुस्त केलं नाही. जवळ जाऊन कड्याला बोट लावलं.

'टक्'. काच एक सूत ढिली होती.

सरकार म्हणाले, "मिस्त्री, माघारी नेता का?"

मी म्हणालो, "माझा तुकडा माघारी येत नाही."